नऊ वाजून बत्तीस मिनिटे

सकाळ झाली आहे आणि रुग्णालयातील या छोट्या खोलीत सर्वांत आधी पाहिला जातो तो फ्रिज. त्याला जोडलेल्या तापमानमापकावर रात्रभरातील किमान आणि कमाल तापमान नोंदले गेले आहे. स्टडी कोऑर्डिनेटर, म्हणजे चाचणीचे इथले रोजचे काम सांभाळणारी व्यक्ती, ते दोन्ही आकडे वाचते, तक्त्यात लिहिते आणि पुढे वेळ व स्वतःची आद्याक्षरे टाकते. आत ठेवलेले औषध अजून बाजारात आलेले नाही. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिले पाहिजे. पारा या मर्यादेबाहेर गेल्याचे आढळले, तर साठा वेगळा काढून ठेवायचा, प्रायोजक कंपनीला कळवायचे आणि तिचे लेखी उत्तर येईपर्यंत त्यातील एकही कुपी कोणाला द्यायची नाही, अशी इथली रीत आहे. क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे माणसांवर औषधांची चाचणी घेण्याच्या क्षेत्रात, पुढे मोठ्या पदांवर गेलेल्या अनेकांच्या कामाचा पहिला दिवस अशाच एखाद्या तक्त्यासमोर उजाडलेला असतो.

शेजारच्या खोलीत रक्ताचा नमुना घेतला जात आहे. सहभागी व्यक्तीचा चेहरा या चित्रफितीत कोठेही दिसणार नाही, कारण तिची ओळख गुप्त ठेवण्याचे वचन संमतीपत्रात दिलेले आहे आणि ते कॅमेऱ्यालाही लागू आहे. दिसतो तो हात, दंडावर आवळलेला पट्टा आणि भिंतीवरचे घड्याळ. प्रोटोकॉलनुसार, म्हणजे चाचणीच्या मंजूर आराखड्यानुसार, हा नमुना ९ वाजून ३० मिनिटांनी घ्यायचा होता. शीर चटकन सापडली नाही. नळीत रक्त उतरले तेव्हा ९ वाजून ३२ मिनिटे झाली होती, आणि कागदावरही ९.३२ हीच वेळ लिहिली जात आहे.

औषध रक्तात किती वेगाने चढते आणि किती वेगाने उतरते, याचा आलेख अशाच नोंदींवरून काढतात. दोन मिनिटांचा उशीर गणितात सामावून घेता येतो, कारण हिशेब प्रत्यक्ष वेळेवरून मांडला जातो. सोयीसाठी साडेनऊ लिहिले असते, तर ती चूक पुढे कोणाला दिसलीही नसती. या क्षेत्रात कारकीर्द करू इच्छिणाऱ्याने सर्वांत आधी शिकायची गोष्ट आमच्या मते हीच आहे, आणि ती वर्गात बसून पुरती शिकता येत नाही.

आता हे पान जवळून पाहू. रक्तदाबाच्या रकान्यात आधी १२८ लिहिले गेले होते. त्या आकड्यावर एकच आडवी रेघ आहे, अशी की खालचा आकडा स्वच्छ वाचता यावा. शेजारी १३८, त्यापुढे आद्याक्षरे, तारीख आणि दुरुस्तीचे कारण. खाडाखोड नाही, पांढरी शाई नाही. नोंद कोणी केली ते कळावे, ती वाचता यावी, ज्या वेळी घडले त्याच वेळी लिहिलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी, या पाच कसोट्या इथे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पाठ होतात.

फार्मसी, नर्सिंग, जीवशास्त्र, वैद्यकाच्या विविध शाखा अशा अनेक वाटांनी मुले-मुली इथे येतात. पहिली अडचण सर्वांची सारखीच असते : नोकरीच्या जाहिरातीत अनुभव मागितलेला असतो आणि नोकरीवाचून अनुभव मिळत नाही. या कोंडीतून बाहेर पडण्यासाठी पदविकेमागून पदविका करत राहण्यापेक्षा एखाद्या साइटवर, म्हणजे जिथे चाचणी प्रत्यक्ष चालते तिथे, मिळेल ते काम धरावे, असे आम्हाला ठामपणे वाटते. फायली लावणे, नमुन्यांची पाठवणी, संगणकात माहिती भरणे, यांपैकी कोणतेही काम दुय्यम नाही. एथिक्स कमिटीच्या, म्हणजे चाचणी नीतीला धरून आहे का हे तपासून मंजुरी देणाऱ्या समितीच्या, कार्यालयातील सहायकाची जागाही फार मोलाची असते. तिथे बसलेला माणूस वर्षभरात कितीतरी प्रोटोकॉल वाचतो आणि समितीतील सदस्य कोणत्या वाक्यावर अडतात, हे त्याला डोळ्यांदेखत पाहायला मिळते.

भिंतीवर लावलेले हे प्रमाणपत्र गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या, म्हणजेच जीसीपीच्या, प्रशिक्षणाचे आहे; चाचणी नीट आणि नीतीने कशी करावी याचे हे नियम. ते काही तासांत मिळते. त्यामागचा इतिहास मात्र लांबचा आणि वेदनेचा आहे. नाझी छळछावण्यांतील प्रयोगांवर खटले चालले, त्यांतून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहितेची १० कलमे पुढे आली आणि त्यांतील पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे होते. १९६४ मध्ये माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणारी हेलसिंकीची घोषणा झाली. तरीही अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ पासून सुरू असलेला अभ्यास १९७२ पर्यंत चालूच राहिला, आणि त्यातील कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर पेनिसिलिनसारखा उपाय उपलब्ध असतानाही तो दिला गेला नाही. विविध देशांसाठी सामाईक अशी जीसीपीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ मध्ये तयार झाली. त्यांची तिसरी सुधारित आवृत्ती २०२५ च्या जानेवारीत स्वीकारली गेली. नव्या उमेदवाराने प्रमाणपत्रावर न थांबता हे मूळ दस्तऐवज स्वतः वाचावेत.

बंद दाराच्या काचेतून दिसणारी ही खोली संमतीसाठी राखलेली आहे. डॉक्टर समजावून सांगत आहेत आणि कोऑर्डिनेटर शेजारी बसली आहे. संमतीपत्र अनेक पानांचे आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक छापलेला आहे. एथिक्स कमिटीने नवी आवृत्ती मंजूर केल्यावर जुन्या आवृत्तीवर सही घेतली गेली, तर तो नियमभंग ठरतो; म्हणून आत येण्यापूर्वी तिने हा क्रमांक दोनदा पडताळून पाहिला आहे. सहभागी व्यक्तीने घरी विचारून सांगतो असे म्हटले, तर कागद तिच्या हाती द्यायचा आणि घाई करायची नाही. सही होईपर्यंत चाचणीसाठीची एकही तपासणी करता येत नाही.

हा संगणकाचा पडदा. पात्रतेचा प्रत्येक निकष तपासून झाल्यावरच हे बटण दाबले जाते, आणि सहभागी व्यक्ती कोणत्या गटात, म्हणजे नव्या औषधाच्या की तुलनेच्या, जाणार ते यंत्रणा ठरवते. स्ट्रेप्टोमायसिनची क्षयरोगावरील जी चाचणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात १०७ रुग्णांची विभागणी बंद पाकिटांच्या मदतीने केलेली होती. पाकिटे गेली, पण डॉक्टरच्या किंवा कोऑर्डिनेटरच्या इच्छेला इथे वाव नसावा, हा हेतू तोच आहे.

दुपारी मॉनिटर आले आहेत. प्रायोजकाच्या वतीने येणाऱ्या या व्यक्तीला क्लिनिकल रिसर्च असोसिएट म्हणतात, आणि या क्षेत्रातील बहुतेक तरुणांचे डोळे याच पदाकडे लागलेले असतात. टेबलावर मूळ नोंदी आहेत, संगणकावर त्यांवरून भरलेली माहिती आहे, आणि बोट एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर सरकत आहे. आजचे हे मॉनिटर पूर्वी चार वर्षे कोऑर्डिनेटर होते. चूक कोठे होते, कोणत्या घाईत होते आणि ती विचारताना समोरच्याला अपराधी वाटू नये म्हणून प्रश्न कसा लिहावा, हे ते त्या चार वर्षांत शिकले. थेट मॉनिटर झालेले लोकही चांगले काम करतात. तरी साइटवरून आलेल्या माणसाची नजर वेगळी असते, असे आम्ही चित्रीकरणाच्या दिवसांत अनेकदा पाहिले.

इथून वाटा फुटतात. कोणी प्रकल्प व्यवस्थापक होतो, कोणी गुणवत्ता तपासणीकडे वळतो, कोणी औषधांच्या दुष्परिणामांचा मागोवा घेणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्समध्ये जातो; डेटा मॅनेजमेंट, नियामक कामकाज आणि वैद्यकीय लेखन यांचीही दारे उघडी असतात, तर संख्याशास्त्रज्ञ होण्यासाठी त्या विषयाची पदवी लागते. मॉनिटरच्या नोकरीत प्रवास फार असतो, कोऑर्डिनेटरचा पगार तिच्या जबाबदारीच्या मानाने कमी असतो, आणि या दोन्ही कारणांनी चांगली माणसे काम सोडून जातात.

संध्याकाळ होत आली आहे. या खोलीत आज एक नवी मुलगी रुजू झाली आहे. तिच्यासमोर डेलिगेशन लॉग ठेवला आहे, ज्यात चाचणीतील कोणते काम कोणावर सोपवले आहे याची नोंद असते. ती नाव लिहिते, सही करते, आद्याक्षरांचा नमुना देते आणि सोपवलेल्या कामांचे क्रमांक भरते. शेवटचा रकाना प्रमुख संशोधकांच्या सहीचा आहे आणि ते अजून वॉर्डात आहेत. त्यांची सही होईपर्यंत तिला फ्रिजच्या तक्त्यातही काही लिहिता येणार नाही. ती खुर्ची पुढे ओढते आणि प्रोटोकॉलचे पहिले पान उघडते.