जांभळ्या रंगाच्या पलीकडचे प्रथिन

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या महाविद्यालयांतील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रथिन ओळखण्याची बाययुरेट चाचणी चांगली परिचयाची असते. अंड्यातील पांढऱ्याच्या पातळ द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड आणि मोरचुदाचे थोडे थेंब घातले की जांभळा रंग येतो, कारण अमिनो आम्लांना साखळीत गुंफणाऱ्या पेप्टाइड बंधांशी तांब्याचे आयन जोडले जातात. मात्र त्या साखळीची घडी कशी पडली आहे, हे तो रंग सांगत नाही. अंडे उकडले म्हणजे घडी मोडते, पण बंध शाबूत राहतात, म्हणून रंग जांभळाच येतो.

प्रथिनाचे काम तर त्या घडीवरच अवलंबून असते. हिमोग्लोबिनच्या चार साखळ्यांपैकी दोन बीटा साखळ्यांत प्रत्येकी १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील केवळ सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, तर ऑक्सिजन सोडल्यावर रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू तयार होतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. हाच सिकलसेल आजार. आपल्या शेजारच्या झाबुआ आणि अलीराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांना तो पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागत आहे, म्हणून हा विषय मला केवळ पाठ्यपुस्तकातला वाटत नाही.

सामान्य आणि सिकल (म्हणजे हा बदल झालेले) अशा दोन्ही हिमोग्लोबिनांना बाययुरेटचा रंग सारखाच येतो. त्यामुळे येथे विद्राव्यता चाचणी वापरतात: सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेते, सिकल हिमोग्लोबिन संहत फॉस्फेट द्रावणात विरघळत नाही, नळी गढूळ होते आणि तिच्यामागे धरलेल्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, परंतु रुग्ण आणि निरोगी वाहक (ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळालेला असतो) या दोघांचीही नळी गढूळच होते. हा भेद इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करण्याच्या तंत्रात, कळतो. ग्लुटामिक आम्लाचा ऋण प्रभार गेल्यामुळे सिकल हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात धनाग्राकडे सावकाश सरकते. रुग्णाच्या नमुन्यात मुख्यतः त्याचाच पट्टा दिसतो, वाहकाच्या नमुन्यात सामान्य हिमोग्लोबिनचाही दिसतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली याच तंत्राने या आजाराचे मूळ रेणूत असल्याचे दाखवून दिले.

म्हणून गढूळ नळीच्या आधारावर कोणाला आजारी ठरवू नये. पुढची चाचणी आग्रहाने मागावी. सहा महिन्यांखालील बाळाच्या रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन बरेच असते, त्यामुळे त्याची नळी स्वच्छ राहिली तरी तेवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.