आल्याला शिंग कुणी दिलं?

इंग्रजी 'जिंजर'चा माग उलटा काढू. दोन शब्द कानाला सारखे लागले एवढ्यावर नातं जुळवायचं नाही. मधलं प्रत्येक रूप लेखी सापडलं पाहिजे आणि उच्चार का बदलला तेही सांगता आलं पाहिजे.

मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'जिंजिव्हेर' असा भेटतो. त्यातला 'व्ह' पुढे झिजला. मागे जावं तर जुन्या फ्रेंचमध्ये 'जिंजिब्र', उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'गिंगिबेर', त्याआधी 'झिंगिबेरी' आणि ग्रीकमध्ये 'झिंगिबेरिस'. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या लिखाणात तो आहे. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी भावसुद्धा देतो, पौंडाला ६ देनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी. शिवाय बजावतो, ही मिरीच्या झाडाची मुळी नव्हे.

तिथून आपण भारतात येतो. पालीत 'सिंगिवेर', संस्कृतात 'शृंगवेर'. पुष्कळ जण इथेच थांबतात. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर, आणि फाटे फुटलेला आल्याचा गड्डा समोर असला की हे पटतंही. पण 'वेर' या अर्थाने संस्कृतात विरळाच. तमिळ-मल्याळममध्ये मात्र आलं म्हणजे 'इंजि' आणि मूळ म्हणजे 'वेर', दोन्ही रोजच्या वापरातले. मग पालीतला 'स' कुठला? तमिळ-मल्याळममध्ये कित्येक शब्दांच्या आरंभीचा 'च' गळून गेला आहे. 'इंजि'चं जुनं रूप 'चिंगि'सारखं होतं आणि उत्तरेकडे गेलं ते हे जुनं रूप, असं अभ्यासक मानतात. शिंग त्याला संस्कृतात चिकटलं.

जर्मन 'इंगवेर' ऐकून थेट तमिळशी गाठ मारायचा मोह होतो. तो सोडा. जुन्या जर्मनमध्ये याच शब्दाच्या आरंभी 'ग' सापडतो. तो तिकडच्या तिकडे गळाला.

मराठीने शृंगवेर घेतलंच नाही. आपलं 'आलं' आर्द्रकातून, म्हणजे ओलेपणावरून आलं. वाळवलं की सुंठ. 'जिंजर' आता पेस्टच्या पाकिटावरून विलायती होऊन घरात शिरलाय.

अनोळखी शब्दाला ओळखीचा शब्द चिकटायचा हा शिंगाचा प्रकार इंग्रजीतही घडला. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथे 'जिंजरब्रार' होतं, म्हणजे मुरवलेलं आलं. शब्द फ्रेंचमधून आलेला, त्यामुळे 'ब्रार'चा अर्थ इंग्रजी कानांना लागेना. चौदाव्या शतकात त्याचा 'ब्रेड' झाला. पंधराव्या शतकात पदार्थही नावाच्या मागे गेला आणि 'जिंजरब्रेड' म्हणजे आलं घातलेला गोड केक ठरला.