आधी शॉकमधली हवा काढा

रोल सेंटरवर, म्हणजे वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते त्यावर, बोलायचं ठरलंय आणि तिथे येणारच आहे. पण त्याआधी टेबलावरचा हा शॉक, म्हणजे धक्के सोसणारी तेलाची नळी, बघा. रिमोटवर चालणाऱ्या १/८ स्केल बग्गीचा, पुढचा. ५०० सीएसटीचं (सीएसटी म्हणजे तेलाच्या जाडपणाचं माप) सिलिकॉन तेल काठोकाठ भरून उभा ठेवलाय. दांडा सावकाश वरखाली केला की पिस्टनच्या भोकांतून बारीक बुडबुड्यांची माळ निघते. ते सगळे वर यायला दहा मिनिटं तरी लागतात. तेवढा धीर आपण धरत नाही, झाकण लावून मोकळे होतो, आणि पुढचा अख्खा रविवार स्प्रिंगा बदलण्यात घालवतो.

हवा दाबली जाते, तेल जवळजवळ दाबलं जात नाही. फेसाळ तेलात पिस्टनला सुरुवातीच्या दोनतीन मिलिमीटरमध्ये अडवणारं काही नसतंच. बरं, चारही शॉकमध्ये हवा सारखी असेल तर एक वेळ चालेल, पण ती तशी कधीच नसते. मग बग्गी डावीकडे छान वळते, उजवीकडे नाक वळणाबाहेर जातं, आणि दोष जातो टायरला.

अवरोध नसेल तर काय होतं हे टामियाच्या ग्रासहॉपरने दाखवून दिलं आहे. १९८४ ची गाडी, मागे नुसत्या स्प्रिंगा, तेल नाहीच. ग्रासहॉपर म्हणजे नाकतोडा. खडबडीत जमिनीवर ती नावाला जागते. त्याच वर्षी टीम असोसिएटेडची आरसी१० आली, चारही कोपऱ्यांना तेलाचे शॉक घेऊन. दोन्ही गाड्या एकाच खड्ड्यावरून जाताना बघा. एक उसळत राहते, दुसरी एकदा दबून सरळ पुढे जाते. मला सस्पेन्शनबद्दल जे सांगायचंय ते बरंचसं या एका खड्ड्यात आहे.

तर बुडबुडे निघाले की ब्लॅडरची, म्हणजे रबरी पडद्याची, टोपी बसवा, ब्लीड स्क्रू उघडा ठेवा, दांडा पूर्ण आत दाबा, जास्तीचं तेल बाहेर येऊ द्या आणि दाबलेला असतानाच स्क्रू बंद करा. कानाशी धरून हलवा. चिक्-चिक् ऐकू आलं तर पुन्हा उघडा. मग स्प्रिंग न लावता डावा-उजवा शॉक दांड्याला दांडा लावून एकमेकांवर दाबा. दोन्ही बरोबरीने आत गेले पाहिजेत. एक आधी गेला तर जोडी जमली नाही. ज्यांचे शॉक इमल्शनचे आहेत, तिथे हवा मुद्दाम ठेवलेली असते, हे खरं. पण तिथेही दोन्हीत तेलाची पातळी सारखीच हवी.

आता माझी खरी तक्रार: सेटअप शीट, म्हणजे गाडीच्या जुळणीच्या आकड्यांचा कागद. विजेत्याची शीट डाउनलोड करायची आणि आकडे जसेच्या तसे उतरवायचे. ती शीट त्या ट्रॅकची, त्या दिवशीच्या तापमानाची असते. आपल्याकडे मे महिन्यात मुरमावर उन्हात गाडी उभी असते. सिलिकॉन तेल तापलं की पातळ होतं. सकाळी बरोबर वाटलेलं ५०० दुपारी उडीनंतर चेसिस जमिनीवर आपटवतं. तेव्हा ५५० भरा, थंडीत पुन्हा खाली या. पिस्टनचंही तेच. बारीक भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि जाड तेल: हाताने दाबून बघाल तर दोन्ही सारखीच वाटतील. पण उडीवरून उतरताना पिस्टन वेगात जातो, तेव्हा बारीक भोकांतून तेल वेळेत निघत नाही आणि शॉक क्षणभर आवळतो. यालाच पॅक म्हणतात. मोठ्या उड्यांना तो हवा असतो. खाचखळग्यांच्या ट्रॅकवर त्याच पॅकने चाक जमीन सोडतं. भोकांचं माप शीटवरून घेण्याआधी स्वतःच्या ट्रॅकवर पायी एक चक्कर मारा.

आणि कॉलर, स्प्रिंगवरची आट्यांची कडी! कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होत नाही हो. सरळ गुंडाळीची स्प्रिंग तेवढीच कडक राहते, बदलते ती गाडीची उंची. वीतभर उंचीवरून गाडी सोडा, थोडी पुढे ढकला, मग चेसिसखाली मोजा. मातीवर पुढे २८, मागे ३० मिलिमीटरच्या आसपास सुरुवात करा. त्याआधी शॉक सोडवून आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा हात, उचला आणि सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर तो जिच्यावर फिरतो ती हिंज पिन वाकलेली आहे किंवा भोकात मुरमाची भुकटी बसली आहे. अडकलेल्या आर्मवर कुठलंही तेल चालणार नाही.

पाच मिनिटं उरली, अशी चिठ्ठी आली आहे. तर रोल सेंटर, भरभर.

वरच्या कॅम्बर लिंकची (चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, ठरवणाऱ्या दांडीची) रेषा आणि खालच्या आर्मची रेषा जिथे मिळतात, तिथून रोल सेंटर ठरतं. लिंकचं आतलं टोक खालच्या भोकात घ्या: रोल सेंटर वर येतं, गाडी कमी झुकते, वळण चटकन घेते, पण निसरड्यावर पकड अचानक सुटते. वरच्या भोकात घ्या: जास्त झुकते, सौम्य होते. मागची लिंक लांब केली की मागची बाजू शांत होते, आखूड केली की चपळ. एका वेळी एकच भोक बदला आणि कॅम्बर पुन्हा मोजा, कारण तो बदललेला असणारच. चारही चाकांना उणे १ ते २ अंश कॅम्बर, म्हणजे चाकाचा माथा किंचित आत. मागचा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची कड आत वळलेली, ३ अंश, तो सहसा हलवू नका.

अँटी-स्क्वॉट, म्हणजे मागच्या हिंज पिनचं पुढचं टोक वर: गुळगुळीत जमिनीवर थ्रॉटलला जोर देतं, खडबडीत जमिनीवर मागची बाजू उड्या मारते. मुरमावर कमी ठेवा. डिफरन्शियलमध्ये (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, त्यांतही तेलच) पुढे ५,०००, मधे ७,०००, मागे ३,००० सीएसटीने सुरू करा. वेग घेताना पुढची चाकं उगाच गरगरत असतील तर मधलं जाड करा.

अँटी-रोल बार, म्हणजे झुकणं रोखणाऱ्या आडव्या तारा, राहिले. ते चहाच्या वेळी. आणि हा शॉक बघा, शेवटचे दोन बुडबुडे आत्ता वर आले. ज्यांना झाकण लावून बघायचंय त्यांनी पुढे या, रुमाल इथे आहे.