अठरा की चोवीस? यात्रेतला सुपर एट

जानेवारीतलं सोलापूर. सिद्धेश्वर महाराजांचे नंदीध्वज संमती कट्ट्याकडे निघालेत. पांढऱ्या बाराबंदीतला भक्त ती उंच, जड काठी तोलत एकेक पाऊल टाकतोय. गर्दीतून गजर उठतो, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’

हातात सुपर एट कॅमेरा आहे, ८ मिलिमीटर रुंद फिल्मवर चलचित्रं टिपणारा. वेगाचा खटका सेकंदाला १८ फ्रेमवर, म्हणजे १८ चित्रांवर, ठेवायचा की २४ वर?

या कॅमेऱ्यासाठी कोडॅकनं १९६५ मध्ये आणलेल्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे फिल्मच्या बंद डबीत, ५० फूट फिल्म बसते. फुटाला ७२ फ्रेम, म्हणजे एकूण ३६००. सेकंदाला १८ फ्रेमनं ती ३ मिनिटं २० सेकंद पुरते, २४ नं जेमतेम अडीच मिनिटं. मिरवणूक तासन्‌तास चालते, तिथे हे ५० सेकंद फार मोलाचे. म्हणून यात्रेला १८ च ठेवावा. हालचालीत किंचित थरथर दिसते, ती खुशाल दिसू द्या. कुणाची मुलाखत घेऊन आवाज जुळवायचा असेल, तर मात्र २४.

काठी डोलू लागते तेव्हा गोष्ट वेगळी. कॅमेऱ्यात ३६ ची सोय असेल, तर ती इथे वापरावी. पडद्यावर १८ नं दाखवलं की वेग निम्मा होतो. वरचं टोक कलतं, खाली पेलणाऱ्याचे खांदे ताठरतात, पाऊल अर्धं उचलून थांबतं, सगळं नीट दिसतं. पण रीळ दुप्पट वेगानं संपतं आणि प्रत्येक फ्रेमला उजेड निम्माच मिळतो. दुपारच्या उन्हात कॅमेऱ्याचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, तेवढं उघडून घेतं. दिवेलागणीला ते आधीच पूर्ण उघडलेलं असतं, मग चित्र काळवंडतं. तेव्हा ३६ चा मोह नको.

आता घरातल्या जुन्या रिळांविषयी, कारण खरं नुकसान तिथे होतं. सुपर एटच्या आधीची साधी ८ मिलिमीटरची रिळं बहुधा १६ फ्रेमनं चित्रित केलेली असतात. डिजिटल करताना ती सरळ २५ नं चालवली, की वेग दीडपटीहून वाढतो. आजोबा तुरुतुरु पळतात, काठीचं वजनच नाहीसं होतं. ज्या पावलांत एवढी श्रद्धा आणि ताकद होती, ती हास्यास्पद दिसावीत हे मनाला लागतं.

रीळ देतानाच बजावून सांगा: प्रत्येक फ्रेम एकदाच स्कॅन करा, फाइल मूळ वेगानं द्या. वेग ठाऊक नसेल, तर १६ आणि १८ दोन्ही लावून चालणारी माणसं पाहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची चाल लगेच ओळखू येते.