नाडीची लाट किती वेगाने धावते?

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात तलावपाळीवर सकाळी फेरी मारताना एक काका हमखास भेटतात. ‘काल बीपी एकशेचाळीस निघालं हो,’ म्हणत मनगट पुढे करतात. मी नाडीवर बोटं ठेवतो. बोटांना जो ठोका लागतो, ती दाबाची लाट. रक्त मागून सावकाश येतं. लाट मात्र सेकंदाला पाच, आठ, बारा मीटर अशी धावते.

हा वेगच आपल्याला रोहिणीची, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीची, तब्येत सांगतो. तरुणपणी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रोहिणी, दर ठोक्याला फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते रक्त हळूहळू पुढे ढकलते. वय वाढतं, दाब वाढलेला राहतो, तसे तिच्या भिंतीतले इलॅस्टिनचे लवचीक धागे झिजतात. पायजम्याचं इलॅस्टिक गेलं की सगळा ताण कापडावर येतो ना, तसा इथे तो कोलॅजेनच्या ताठ धाग्यांवर येतो. भिंत ताठरली की लाट जोरात पळते. मुन्स आणि कोर्टेवेग या दोन डच अभ्यासकांनी 1878 मध्येच याचं गणित मांडलं: बाकी सगळं तेच असेल, तर वेग दुप्पट म्हणजे ताठरपणा चौपट.

मोजायला सुई लागत नाही. रुग्णाला उताणं झोपवायचं, ईसीजीच्या तारा लावायच्या, पेनासारखा सेन्सर आधी मानेवर आणि मग जांघेत धरायचा. दोन्हीकडे लाट पोहोचायच्या वेळेत किती फरक पडला, ते यंत्र सांगतं. मधलं अंतर टेपने घ्यायचं आणि त्याचे ऐंशी टक्के धरायचे. समजा ते 48 सेंटिमीटर भरले आणि वेळ 60 मिलिसेकंद, तर वेग सेकंदाला 8 मीटर. तेवढ्याच अंतराला 40 मिलिसेकंद लागले, तर 12. दहाच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात.

सोनोग्राफीने तर मानेतली रोहिणी ठोक्यागणिक फुगताना पडद्यावर दिसते. फुगणं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण मला ते दर वेळी बघत राहावंसं वाटतं.

एक मात्र सांभाळा. मोजताना बीपी चढलेलं असेल, तर भिंत आधीच ताणलेली असते आणि वेग जास्तच येतो. म्हणून बीपीचा आकडाही सोबत लिहायचा. काकांना मी सांगितलंय: आधीचे तीन तास चहा नाही, सिगारेट नाही, जेवण नाही, आल्यावर दहा मिनिटं गप्प पडून राहायचं. आणि पुढल्या वर्षी याल, तेही सकाळी याच वेळेला.