मूळ फाईल कुणाकडे असते?

(फिल्मचे पहिले दृश्य : बेळगावातला सकाळचा खडेबाजार. अर्धी उघडलेली शटरे, त्यांच्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी अक्षरांच्या पाट्या. नंतर एका दुकानात फ्लेक्सच्या यंत्रातून हळूहळू बाहेर येणारे कापड.)

बेळगावात फ्लेक्स छापायला गेले की मापाच्या आधी एक प्रश्न विचारला जातो : "फाईल कशात आहे ओ?" विचारणाऱ्याला उत्तरात सॉफ्टवेअरचे नाव हवे असते. गिऱ्हाइकाकडे मात्र बहुतेक वेळा फाईलच नसते. त्याच्याकडे गेल्या वर्षीचा गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स असतो, नाहीतर त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो. मूळ फाईल ज्याने काम केले त्याच्या संगणकात राहते, आणि तो संगणक बंद पडला, दुकान दुसऱ्या गल्लीत गेले किंवा काम करणारा मुलगा पुण्याला नोकरीसाठी निघून गेला, की कित्येक वर्षांचे काम त्याच्याबरोबर नाहीसे होते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी आणि मांडणी, करणाऱ्यांचे वर्ष ठरलेले असते. वैशाखात शिवजयंती आणि तिच्या चित्ररथांची मिरवणूक येते, भाद्रपदात गणेशोत्सव मंडळांचे अहवाल येतात, मग पतसंस्थांच्या वार्षिक सभा, कुस्तीच्या मैदानांची हँडबिले, लग्नपत्रिका, आणि कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतून भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांच्या निमंत्रणपत्रिका व स्मरणिका. यातले फार थोडे काम खरोखर नवे असते. तेच मंडळ, तीच संस्था, तेच बोधचिन्ह, पदाधिकाऱ्यांची थोडी बदललेली यादी आणि पुढचे साल, असे ते दरवर्षी परत येते. म्हणून मूळ फाईल कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न इथे तत्त्वचर्चेचा राहत नाही; तो मंडळाच्या पैशाचा आणि कार्यकर्त्यांच्या जागरणाचा होतो.

मी याच पट्ट्यातला डिझायनर. काही वर्षांपूर्वी एका गावच्या संमेलनाची स्मरणिका माझ्याकडे आली. आधीच्या अध्यक्षांच्या भाषणांतले उतारे तिच्यात पुन्हा घ्यायचे होते. जुनी स्मरणिका दुसरीकडे झाली होती. तिथून मोठ्या मिनतवारीने फाईल मिळाली, पण ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये होती. तो फॉन्ट माझ्या संगणकावर नव्हता, आणि विकत घेतलेला फॉन्ट दुसऱ्याला देण्याची परवानगी त्यांना नव्हती. पडद्यावर भाषणांच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड उमटली. गावातल्या दोन शिक्षकांनी छापील प्रतीवरून सगळी भाषणे पुन्हा टंकली, त्यात आठ रात्री गेल्या. त्या छपाईवाल्यांना मी दोष देत नाही. त्या काळी सगळ्यांचे काम तसेच चालत असे, माझेही.

(दृश्य : जुन्या स्मरणिकेची पिवळी पडलेली पाने, शेजारी संगणकाच्या पडद्यावर तोच मजकूर, न वाचता येणारा.)

फॉन्टची ही अडचण टाळण्यासाठी आमच्या धंद्यात एक उपाय रूढ आहे. छपाईला देण्यापूर्वी अक्षरे 'कर्व्ह' करायची. कर्व्ह केलेले अक्षर कुठल्याही संगणकावर सारखेच दिसते, कारण ते आता अक्षर राहिलेले नसते. त्याचे चित्र झालेले असते. त्यात शोध घेता येत नाही, चूक सुधारता येत नाही, त्यातला मजकूर दुसरीकडे नेता येत नाही. एका मंडळाचा मुलगा अशीच फाईल घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, नुसतं साल बदलायचं हाय ओ." ते नुसते साल बदलण्यासाठी मला त्याच वळणाचे आकडे शोधून ती ओळ नव्याने जुळवावी लागली. छपाईपुरती एक कर्व्ह केलेली प्रत असायला हरकत नाही, पण पुष्कळ वेळा तीच एक प्रत जपली जाते, आणि जिवंत मजकुराची फाईल पुसून टाकली जाते.

संगणकाच्या जगात याच दुखण्यावर चाळीस वर्षांपूर्वी एक विचार मांडला गेला, आणि त्याची एक सुरुवात प्रिंटरपासून झाली, ही गोष्ट आमच्यासारख्यांना फार जवळची वाटते. रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रॅमर अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करत असताना तिथल्या प्रिंटरमध्ये कागद अडकत असे. कागद अडकल्याची सूचना सर्वांना मिळावी एवढी सुधारणा त्यांना त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची होती, परंतु त्याची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला, वाचता आणि बदलता येणारा मजकूर, त्यांना नाकारण्यात आली. पुढे १९८३ साली त्यांनी सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांवर उभी राहिली : कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, आत काय आहे ते अभ्यासून बदलण्याचे, प्रती दुसऱ्याला देण्याचे, आणि आपण सुधारलेली प्रतही दुसऱ्याला देण्याचे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाने मुक्त आणि फुकट या दोन्हींचा बोध होतो आणि त्यातून पुष्कळ घोटाळे होतात. मराठीत ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि या फिल्मचा संबंध पहिल्याशी आहे.

डिझाइनमध्ये मूळ संहिता कशाला म्हणायचे? माझ्या मते, जिवंत मजकूर, थर न मिटवलेले चित्र, वापरलेले फॉन्ट, मूळ आकाराची छायाचित्रे आणि रंगांचे आकडे हे सगळे मिळून ती होते. यातला एक जरी दुवा कुलूपबंद असला, तरी बाकीचे उघडे ठेवून फारसा उपयोग होत नाही, आणि आपल्या लिपीत काम करणाऱ्यांसाठी सर्वांत कच्चा दुवा फॉन्टचा होता.

(दृश्य : पडद्यावर मोठा केलेला 'ल'. आधी दंड असलेला, मग दोन पाकळ्यांचा.)

हे अक्षर पाहा. हिंदी वळणाचा 'ल' उभ्या दंडाला जोडलेला असतो. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा असतो. 'श' चेही मराठी वळण वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना या अक्षरांची मराठी वळणे निश्चित केली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांच्या 'ल' साठी एकच क्रमांक आहे. म्हणून कोणते वळण दिसावे हे फॉन्ट ठरवतो : त्यात दोन्ही आकार असतील, आणि हा मजकूर मराठी आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले असेल, तर पाकळ्यांचा 'ल' उमटतो. फॉन्टमध्ये तो आकारच नसेल, तर येळ्ळूरच्या शाळेच्या फलकावरही दंडाचाच 'ल' येतो. तसाच आपला आडवा अर्धा 'र'. डोंगरातल्या 'दऱ्या' आणि समुद्र या अर्थाचा 'दर्या' यांतला फरक जो फॉन्ट दाखवू शकत नाही, तो मराठीसाठी अपुरा आहे, मग तो दिसायला कितीही देखणा असो. मी या बाबतीत हट्टी आहे आणि राहणार आहे.

बंद फॉन्टमध्ये असा दोष आढळला तर निर्मात्याला पत्र लिहून वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. उघड्या, म्हणजे मुक्त परवान्याच्या, फॉन्टमध्ये तो आकार आपण स्वतः घालू शकतो. असा एक परवाना म्हणजे एसआयएल या संस्थेचे ओपन फॉन्ट लायसन्स. त्याची १.१ ही आवृत्ती २००७ सालची असून तिच्या अटी थोड्या आणि स्पष्ट आहेत. फॉन्ट वापरा, अभ्यासा, बदला, वाटा. तो नुसता एकटा विकू नका. बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली ठेवा. आणि मूळ नाव राखीव असेल, तर बदललेल्या फॉन्टला दुसरे नाव द्या. त्या फॉन्टमध्ये रचलेली पत्रिका किंवा पुस्तक मात्र सर्वस्वी आपले असते, त्यावर परवान्याचे कोणतेही बंधन येत नाही. आकार घालायला लागणारे फॉन्टफोर्ज हे साधनही मुक्त आहे.

या परवान्यामुळे काय घडते याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण मराठीतलेच आहे. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' हा फॉन्ट मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाला. आयआयटी मुंबईतल्या एका गटाने तो घेतला, त्याला रोमन अक्षरांसाठी दुसऱ्या एका मुक्त फॉन्टची जोड दिली, आणि जुन्या शास्त्रीय ग्रंथांच्या मुद्रणालाही पुरेल असा 'शोभिका' तयार केला. त्यात देवनागरीचे १६०० हून अधिक आकार आहेत, ११०० हून अधिक जोडाक्षरे आहेत आणि वेदपाठाच्या स्वरखुणाही आहेत. पहिल्यांनी दार बंद ठेवले असते, तर दुसऱ्यांना 'क' पासून आरंभ करावा लागला असता.

(दृश्य : तीन लिप्यांतली एकच पाटी, पडद्यावर रचली जाताना.)

सीमाभागात एका लिपीने भागत नाही. कर्नाटकात २०२४ साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार व्यापारी पाट्यांवर ६० टक्के भाग कन्नडचा असावा लागतो. उरलेल्या जागेत मराठी आणि इंग्रजी बसवायची असते. ही मांडणी अवघड आहे. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते आणि तिच्या मात्रा वर जातात. कन्नडला शिरोरेषा नसते, तिचे वळण गोल असते आणि जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओळीच्या खाली उतरते. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले फॉन्ट शेजारी ठेवले, की एक लिपी ओरडते आणि दुसरी पुटपुटते. दोन्ही लिप्या आपल्याच गावच्या असताना पाटीवर त्यांच्यातले एखादे अक्षर सावत्रासारखे दिसावे, हे मला पाहवत नाही.

इथेही मुक्त फॉन्ट मदतीला आले. मुंबईच्या एक टाइप या गटाने 'बलू' हे कुटुंब अनेक भारतीय लिप्यांसाठी घडवले आणि बहुतेक लिप्यांत त्याला नात्याचे नाव दिले. गुजरातीत तो 'बलू भाई' आहे, बंगालीत 'बलू दा', आणि कन्नडमध्ये 'बलू तम्मा'. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सगळ्यांची जाडी आणि गोलाई जुळवलेली असल्यामुळे देवनागरी आणि कन्नड एका पाटीवर एकाच घरच्या वाटतात. पुढे त्याच गटाचा 'अनेक' हा फॉन्ट आला. त्यात जाडी आणि रुंदी सलग कमीजास्त करता येते, त्यामुळे कन्नडच्या रुंद ओळीशेजारी अरुंद जागेत मराठी बसवताना अक्षरे ओढून विद्रूप करावी लागत नाहीत.

मुक्त साधनांविषयी थोडेच सांगतो. रेखांकनासाठी इंकस्केप, छायाचित्रांसाठी गिंप आणि पुस्तकाच्या पानांसाठी स्क्रायबस, अशी माझी घडी बसली आहे. इंकस्केपची फाईल एसव्हीजी या प्रकारची असते. तो प्रकार २००१ पासून वेबचा जाहीर मानक आहे आणि मुळात तो साधा मजकूर असतो. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तरी आत लिहिलेले मंडळाचे नाव वाचता येते. स्क्रायबसमध्ये भारतीय लिप्यांची जोडाक्षरे नीट जुळू लागली ती २०१७ च्या १.५.३ या आवृत्तीपासून. त्याआधी त्याच्यावर मराठी पुस्तक करणे शक्य नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. छपाईच्या चार रंगांचा हिशेब इंकस्केपमध्ये आजही अपुरा पडतो, म्हणून शेवटची पीडीएफ मी स्क्रायबसमधून काढतो, आणि पहिल्या वेळी छपाईवाल्याकडे स्वतः जाऊन एक नमुना छापून पाहतो. हा जास्तीचा हेलपाटा आहे. पण अनेक लहान दुकानांत बंद सॉफ्टवेअरच्या ज्या चोरट्या प्रतींवर काम चालते, त्यांच्यापेक्षा हा हेलपाटा मला बरा वाटतो.

सोबतीचे डिझायनर मला नेहमी एकच विचारतात : मूळ फाईल देऊन टाकली, तर गिऱ्हाईक परत कशाला येईल? प्रश्न पोटाचा आहे. माझा अनुभव असा, की केवळ साल बदलायला येणारे खरोखर येईनासे झाले, आणि त्या किरकोळ कामांचे पैसे बुडाले. पण तीच माणसे नव्या अंकासाठी, नव्या बोधचिन्हासाठी येतात, आणि आता मी दर सांगतानाच मूळ फाईलसह किती, ते सांगतो. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीचे बोधचिन्ह असलेला टक्स हा पेंग्विन लॅरी एविंग यांनी १९९६ मध्ये गिंपमध्ये काढला, आणि कुणी विचारल्यास माझे व गिंपचे नाव सांगा, एवढ्याच अटीवर तो वापरायला आणि बदलायला मोकळा ठेवला. तो आज कुठे कुठे पोहोचला आहे ते सर्वांना ठाऊक आहे, आणि एविंग यांचे नावही पुसले गेलेले नाही.

सगळेच उघडे करावे, असे मात्र मी म्हणत नाही. जाहिरातदारांचे मोबाइल क्रमांक, देणगीदारांच्या याद्या, लहान मुलांची छायाचित्रे ही त्या त्या माणसांची असतात, आणि फाईल वाटण्यापूर्वी ती काढून ठेवणे हे डिझायनरचेच काम आहे. संस्थेचे बोधचिन्ह संस्थेने ठरवल्याखेरीज मोकळे करता येत नाही. पण पानाची चौकट, सजावटीच्या वेली, तीन लिप्यांच्या पाटीचा साचा यांवर मी क्रिएटिव्ह कॉमन्स या, कलाकृती वाटण्यासाठीच्या तयार परवान्यांपैकी, असा परवाना लावतो, की नाव द्यावे आणि बदल केले तर तेही त्याच अटीवर पुढे द्यावेत.

(दृश्य : गणेशोत्सवाआधीची संध्याकाळ. मंडळाच्या खोलीत एक मुलगा संगणकात पेन ड्राइव्ह लावतो.)

गेल्या वर्षी या मंडळाला अहवालाबरोबर हा पेन ड्राइव्ह दिला होता. त्यात एसव्हीजी आहे, पानांची स्क्रायबस फाईल आहे, फॉन्ट आहेत, फॉन्टचा परवाना आहे, आणि 'आधी हे वाचा' नावाची एक छोटी फाईल आहे. तिच्यात रंगांचे आकडे, कागदाचे माप, आणि मजकुराची भाषा मराठी ठेवायला विसरू नका, अशी सूचना आहे. मुलाने ती वाचली आहे. तो साल बदलतो, खजिनदाराचे नाव बदलतो, मग मुखपृष्ठावरच्या 'गल्ली' या शब्दापाशी थांबून तो मोठा करून पाहतो. दोन्ही 'ल' पाकळ्यांचे आहेत. तो फाईल नव्या नावाने जतन करतो आणि खालच्या नोंदीत, माझ्या नावाच्या पुढच्या ओळीत, स्वतःचे नाव लिहितो.