वर्णन कुणासाठी लिहायचं? इंग्रजीच्या तासाबद्दल थोडं

नमस्कार सगळ्यांना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी असे सगळीकडून तुम्ही आलाय, आणि बहुतेक जण मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणारे आहात, म्हणून थेट विषयावर येतो.

आपल्या पोरांची वही उघडा आणि गावावरचा निबंध काढा. कणकुंबीची मुलगी लिहिते, माय व्हिलेज इज व्हेरी ब्यूटिफुल, देअर आर मेनी ग्रीन ट्रीज, द पीपल आर व्हेरी काइंड. निपाणीचा मुलगा पण तेच लिहितो, शब्दाला शब्द. आता कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, घाटमाथ्याचं जंगल, पावसाळ्यात नुसता धो धो पाऊस, आणि निपाणीकडे तंबाखूचा पट्टा आणि हायवेवरून रात्रभर ट्रक. ही दोन गावं एकाच वाक्यात बसतातच कशी? पोरांना दिसत नाही असं अजिबात नाही हो, मराठीत विचारा, तास संपेपर्यंत सांगत बसतील. पण इंग्रजीची वही समोर आली की पाठ केलेलंच उतरतं, कारण त्यांना माहीत असतं की हे कुणाला वाचायचं नाहीय, सर फक्त तपासणार आहेत.

म्हणून माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हे, की ज्याला ते वर्णन खरंच लागतंय असा कोणीतरी वर्गात पाहिजे. त्यासाठी सोपी गोष्ट करा, दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवा, एकाच्या हातात चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्यानं चित्र बघून इंग्रजीत चार-पाच ओळी लिहायच्या, दुसऱ्यानं त्या वाचून चित्र काढायचं, बोलायचं नाही. "देअर इज अ ब्यूटिफुल हाउस" लिहिलं तर समोरचा काय काढणार? पेन्सिल हातात धरून बसतो बिचारा. मग लिहिणारा स्वतःच शोधायला लागतो, की दार कुठं आहे, झाड घराच्या मागं आहे का शेजारी, म्हैस उभी आहे का बसलीय. बिहाइंड, नेक्स्ट टू, इन फ्रंट ऑफ हे शब्द त्याला त्या क्षणी लागतात, आणि लागले की राहतात. आपल्या भाषेत जागा दाखवणारं सगळं नामाच्या मागून येतं, घरामागं, झाडाखाली, आणि इंग्रजीत ते आधी यावं लागतं, म्हणून पोरं तिथंच अडखळतात. फळ्यावर नियम लिहून जे होत नाही ते चुकीच्या जागी काढलेली म्हैस बघून होतं, हे मी खात्रीनं सांगतो.

ही कल्पना बाहेरून आणलेली नाही बरं का, आपल्याच भागात रुजलेली आहे. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या साध्या शाळांमधून असाच प्रयोग केला, व्याकरण समोर न ठेवता नकाशे, वेळापत्रकं अशी कामं सोडवायला दिली, आणि मुलांचं लक्ष अर्थावर राहिलं की भाषा येत जाते हा त्यामागचा विचार. आज जगभर ज्याला टास्क-बेस्ड टीचिंग, म्हणजे काम देऊन त्यातून भाषा शिकवणं, म्हणतात त्याच्या सुरुवातीत या प्रयोगाचं नाव घेतात. भारी साधनं नव्हती, मोठे वर्ग होते, म्हणजे आपल्यासारखंच.

दुसरं म्हणजे मराठी बंद करू नका. आपलं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड ऐकतं, बसच्या पाट्या कन्नडमधे वाचतं आणि वर्गात इंग्रजी लिहितं, एवढं सगळं सांभाळणाऱ्या मुलाला आपण कच्चं म्हणतो याचं मला फार वाईट वाटतं. आधी त्याला मराठीत बोलू दे, मधे कन्नड आलं तर येऊ दे, तुम्ही फळ्यावर त्याचे इंग्रजी शब्द देत जा. कुंदा या आपल्या बेळगावच्या मिठाईचं वर्णन करायला सांगा बघू. स्वीट अँड टेस्टी एवढंच आलं तर तो पेढा पण असू शकतो. मग विचारा, रंग कसा, चमच्याला चिकटतो का, दाणे लागतात का, वास कसला येतो. इट इज ब्राउन, इट हॅज स्मॉल ग्रेन्स, इट स्टिक्स टू द स्पून. बघा, विशेषणं किती कमी आणि कुंदा डोळ्यासमोर आला की नाही? विशेषणांच्या याद्या पाठ करून घेण्यात आपण वर्ष घालवतो, त्यापेक्षा क्रियापदं द्या. एका नामापुढं दोनच विशेषणं पुरे, तीन-चार झाली की इंग्रजीत त्यांचा क्रम लागतो, आधी आकार मग वय मग रंग, ते नंतर कधीतरी.

गोकाकचा धबधबा घ्या. सगळी पोरं लिहितात, द वॉटर इज व्हाइट लाइक मिल्क. पावसाळ्यात घटप्रभेचं पाणी गढूळ तांबडं असतं हो! जवळपास 52 मीटरवरून ते खाली येतं, वर झुलता पूल आहे. मी विचारतो, तू पुलावर उभा आहेस का खाली? उभं राहायची जागा ठरली की जवळचं आधी, लांबचं नंतर, असा क्रम आपोआप लागतो आणि परिच्छेद होतो.

तपासण्याबद्दल. पहिल्या लिखाणावर लाल पेन नको. तिथं फक्त प्रश्न लिहा, कुठल्या बाजूला, किती मोठं, काय करत होतं. दुसऱ्यांदा लिहिल्यावर एकाच प्रकारची चूक धरा, म्हणजे या आठवड्यात फक्त इज आणि आर. ए, अ‍ॅन, द सगळ्यात शेवटी, मराठीत ते नाहीतच त्यामुळे वेळ लागणारच. परीक्षेचं काय, असं मागून मॅडम विचारतायत, बरोबर आहे. पेपरात चित्र देऊन वर्णन लिहायला सांगतात, आणि तिथं पाठ केलेलं गाव कामाला येत नाही, समोर आहे तेच लिहावं लागतं. आठवड्यातला एक तास द्या, जोड्या आलटून-पालटून लावा, आणि चित्रं विकत आणू नका, जुन्या कॅलेंडरची चालतात.